ताटं न वाढलेली बैठक

आमच्या घरी बैठक बसली की सगळ्यात आधी कूलर बंद व्हायचा. मे महिन्यातल्या नागपुरात भर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे इथे उन्हाळे काढलेल्यालाच कळेल. आमचा कूलर लोखंडी, जुना. त्याचा पंखा खडखडायचा आणि पंप मध्येच गुळण्या केल्यासारखा आवाज काढायचा. त्या गोंगाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, असं बाबा सांगायचे. खरं कारण आईने मला सांगितलं होतं. गरमीत माणूस फार वेळ हट्ट धरत नाही. दोन्हीकडची मंडळी घामाने निथळायला लागली की अर्धी भांडणं आपोआप सोडून देतात. आईच्या मते आमच्या घरातला खरा न्यायाधीश तो बंद कूलरच होता, बाबा नुसते मधे बसायचे. बाबांसमोर मात्र तिने असं कधी म्हटलं नाही.

बाबा गांधीबागेत कापडाची दलाली करायचे. दुकान नाही, गोदाम नाही, खांद्यावर एक पिशवी आणि तोंडात शब्द. या व्यापाऱ्याचा माल त्या व्यापाऱ्याला, आणि दोघांचा भरवसा एकट्या बाबांवर. याचा भाव त्याला सांगायचा नाही, त्याची अडचण याला कळू द्यायची नाही, हाच त्यांचा धंदा. त्याच गुणामुळे समाजातली माणसं आपापली भांडणं घेऊन आमच्याकडे येऊ लागली असावीत. भावाभावांच्या वाटण्या, मोडकळीला आलेले संसार, सासू-सुनांचे अबोले. कुहीकडच्या गावांतून सकाळची एसटी धरूनही लोक यायचे. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, वयाने मोठे असलेलेही. त्यांची बैठकीची रीत साधी होती. आधी ज्याची बाजू पडती त्याने बोलायचं, आणि तो स्वतःच्या बोलण्याला स्वतः कंटाळेपर्यंत त्याला कोणी अडवायचं नाही. मग दुसऱ्याने. बाबा बडीशेप चघळत ऐकत राहायचे. या खोलीत बोललेलं या खोलीबाहेर जात नाही, ही गोष्ट सांगावीच लागायची नाही. आम्ही घरातली माणसंही ती पाळायचो. शाळेत मैत्रिणींनी कितीही खोदून विचारलं तरी मी तोंड उघडलं नाही, आणि मी काही जन्माची मुकी नव्हते. माझ्या बडबडीला कंटाळून मास्तरांनी माझी जागा किती वेळा बदलली त्याला हिशेब नाही.

दुसरी रीत जेवणाची. बैठक सुरू व्हायच्या आधीच आईने दोन्हीकडच्या माणसांचा स्वयंपाक चढवलेला असायचा. म्हणजे मिटणार हे धरूनच. मिटलं की ताटं वाढायची, दोन्ही बाजूंनी एका पंगतीत जेवायचं, आणि जेवलं की विषय संपला. उन्हाळ्यात आंब्याचा रस आणि शेवया, बाजूला कैरीचा तक्कू, नाहीतर पाटोडीचा रस्सा आणि भात. तिखटाने नाकातोंडातून पाणी आलं की रडणारी माणसंसुद्धा बिनदिक्कत रडून घ्यायची, कोणाला शंका येत नसे. मी वाढायला असायचे. सकाळी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसलेले भाऊ, ‘याले अजून रस वाढ, बाई’ असं म्हणताना मी ऐकलं आहे. मला ती जादू वाटायची. लोकांचे बाप डॉक्टर, इंजिनीअर. माझा बाप माणसं जोडतो, असा माझा तोरा होता. आईने केलेला स्वयंपाक कधी वाया गेला, असं माझ्या आठवणीत एकदाही झालं नव्हतं.

आता ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे त्याकडे येते. मी दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. आमच्या गल्लीत चार घरं सोडून दिगंबरकाका राहायचे. कळमन्याच्या बाजारात मिरचीची अडत होती त्यांची. त्यामुळे ते दारात यायच्या आधी आम्हाला शिंक यायची. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांची धाकटी मुलगी तेव्हा सातवीत जाणार होती. तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. कायद्याने ते लिहायला मनाईच आहे, पण कायदा नसता तरी लिहिलं नसतं. हे प्रकरण लिहू का, म्हणून मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, लिही, फक्त मला बिचारी करू नको. तर तिला गौरी म्हणू. त्या उन्हाळ्यात गौरी आमच्याकडे पडून असायची. भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून यायची, कॅरम मांडायची, आणि हरत असली तरी घरी जायचं नाव घ्यायची नाही. मी तिला चिडवायचे, ‘तुह्या घरच्यांनी तुले आमच्याकडे किरायानं ठेवलं का वं?’ ती हसायची आणि पुन्हा सोंगट्या रचायची.

त्या दुपारी बाबांनी कूलर बंद केला आणि मला वाटलं, आली असेल कोणाची तरी शेतीची वाटणी. आले दिगंबरकाका, आणि त्यांच्या मागून वसंतराव. वसंतराव म्हणजे दिगंबरकाकांच्या बहिणीचे मोठे दीर. त्या बहिणीचा नवरा, गौरीच्या आत्याचा नवरा, म्हणजे दिगंबरकाकांच्या घरचा एकुलता एक जावई. आमच्याकडे जावई म्हणजे काय प्रकरण असतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. तो आला की घरातले मोठे उठून उभे राहतात, म्हातारे सासरे त्याच्या पाया पडतात, त्याच्या ताटात काय कमी पडलं यावरून वर्षभर बायकांना टोमणे बसतात. हा जावई उन्हाळ्यात आठ-आठ दिवस सासरी मुक्काम करायचा. त्याच्या हाताखाली घरातली पोरं ठेवलेली असायची, पाणी दे, पान आण, पाय चेप. तो स्वतः त्या दिवशी आला नव्हता. त्याच्या वतीने भाऊ आला होता.

स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यात एक पडदा होता, बाकी काही नाही. कूलर बंद. आई रस काढत होती, मी कोयी चोखत होते. दिगंबरकाका बोलायला लागले आणि आईचे हात रसाच्या पातेल्यातच थांबले. ते रडत होते, त्यांनी जे सांगितलं ते तोंडून नीट निघत नव्हतं. ‘तसलं’ एवढाच शब्द ते वापरत होते. जावयाने पोरीसोबत तसलं केलं. एकदा नाही. पोरीने तिच्या आईला सांगितलं, आईने त्यांना. मी कोय हातात घेऊन बसले होते आणि मला माझ्या अंगावर काटा आलेला दिसत होता, त्या गरमीत. गौरी तेव्हा आमच्याच गच्चीवरच्या खोलीत कॅरम मांडून माझी वाट बघत होती.

मग वसंतराव बोलले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही लिहावंसं वाटतं. हात जोडून बसला होता. ‘आम्ही नाही म्हणून नाही राहिलो, काकाजी. चुकलं आमच्या माणसाचं. तो आता या घरचा उंबरठा चढणार नाही. दिवाळीले नाही, लग्नाकार्याले नाही. चार लोकांत जावयाचा मान गेला, याच्याहून मोठी सजा कोणती?’ दिगंबरकाका म्हणाले, ‘माह्या बहिणीचा संसार तेवढा राहिला पाहिजे, भाऊ. बाकी मले काही नको.’ म्हणजे दोन्ही बाजू आधीच कबूल होत्या. बाबांनी फक्त हो म्हणायचं आणि ताटं मागवायची. इतकी सोपी बैठक आमच्या घरी कधी आली नसेल.

बाबांनी तोंडातली बडीशेप गिळली. मग विचारलं, ‘तो आता कुठं आहे?’

‘घरीच आहे,’ वसंतराव म्हणाले.

‘घरी कोण कोण असते?’

‘आम्ही आहो, आमची आई आहे. वर किरायेदार आहे, त्याची दोन लेकरं...’ आणि वसंतराव बोलता बोलता थांबले.

बाबांनी विचारलं, पोरीला दवाखान्यात नेलं का. तेव्हा वसंतरावांनी जे उत्तर दिलं, ते देताना त्यांना आपण फार शहाणपणाचं काही सांगतो आहोत असं वाटत होतं. ‘नाही नेलं. वकिलाले विचारलं आधी. वकील म्हणते नवा कायदा कडक आहे. डॉक्टरले माहीत झालं तर त्याले पोलिसात सांगाच लागते. शाळेत कळलं तर हेडमास्तरले सांगाच लागते. नाही सांगितलं तर त्याच्यावरच केस. म्हणून आम्ही कुठंच नाही गेलो. एकट्या तुमच्याकडे आलो. तुमच्याकडून गोष्ट बाहेर जात नाही, हे साऱ्या समाजाले माहीत आहे.’

‘डॉक्टरचं झालं, मास्तरचं झालं,’ बाबा म्हणाले. ‘माह्यासारख्याचं काय म्हणते तुमचा वकील?’

पडद्याच्या फटीतून मला दिगंबरकाकांचा चेहरा दिसत होता. तो माणूस बाजारात एक पोतं जास्त मोजायचा नाही, खोटं त्याला जमायचंच नाही. तोच हळूच म्हणाला, ‘कोणालेही लागते म्हणे. ज्याले माहीत झालं त्याले.’

‘मग दिगंबर,’ बाबा म्हणाले, ‘आता मले माहीत झालं.’

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवते आहे. पुढे मी तो कायदा वाचला, कामाच्या निमित्ताने शाळाशाळांतून शिक्षकांना समजावून सांगतेही. त्यात सगळं आहे, कोणी सांगायचं, कोणाला सांगायचं, नाही सांगितलं तर काय. पण तो मला पहिल्यांदा समजला तो बाबांच्या त्या चार शब्दांत. ते दोघे आयुष्यभराच्या सवयीने, ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा एकाच माणसाकडे आले होते. ज्यांना सांगणं भाग पडेल अशी सगळी दारं त्यांनी नीट विचार करून टाळली होती. आणि या दाराआड बसलेल्या माणसालाही तोच कायदा लागतो, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग जे झालं ते ऐकवत नव्हतं. वसंतराव आधी विनवत होते, मग आवाज चढला. गांधीबागेत तुमच्या शब्दाला कोण विचारेल उद्या, असंही म्हणाले. दिगंबरकाका एवढंच म्हणत होते, ‘भाऊ, तुह्या घरातली गोष्ट आजवर बाहेर गेली नाही. माहीच काहून?’ बाबा म्हणाले, ‘हे मिटवायचं नसते, दिगंबर. मिटवलं तर पोरीच्या अंगावरच मिटते. मी तुमच्या मागून जाऊन नाही राहिलो. तुमच्या तोंडावर सांगून जाऊन राहिलो.’ आणि ते उठले.

माझे बाबा शूर वगैरे नव्हते. पाल अंगावर पडली तर ओरडायचे. पोलीस ठाण्याची पायरी ते कधी चढले नव्हते, कोर्टकचेऱ्यांपासून माणसांना वाचवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी स्कूटरची किल्ली हातात घेतली आणि ती खाली पडली. उचलली, पुन्हा पडली. तेवढ्यात आईने गॅस बंद केला, हात धुतले आणि पडदा सारून ती बैठकीत गेली. पुरुष बसलेले असताना त्या खोलीत जाताना मी तिला तोपर्यंत पाहिलं नव्हतं; चहासुद्धा ती पडद्याआडून माझ्या हाती द्यायची. तिने दोघांकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातल्या खुंटीवरचा दुपट्टा घेतला, तोंडाला गुंडाळला, जसा भाजीला जाताना गुंडाळायची, आणि म्हणाली, ‘राहू द्या तुमची स्कूटर. मी नेतो तुम्हाले.’ तिची स्कूटी दारातच होती. बाबा तिच्या मागे कधी बसायचे नाहीत, बायकोने गाडी चालवावी आणि आपण मागे बसावं याची त्यांना फार लाज. त्या दिवशी बसले. तिच्या खांद्याला धरून बसले. रणरणत्या गल्लीतून ती दोघं वळणापर्यंत गेली तोवर मी दारात उभी होते. मला त्या क्षणी आई-बाप कसले दिसत होते कोण जाणे. मी त्यांना ओळखत नव्हते, एवढं खरं. आजही डोळे मिटले की ती स्कूटी दिसते.

घरात उरलो आम्ही. वसंतराव चपला घालून निघून गेले. दिगंबरकाका बसल्या जागी बसून राहिले. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि मला म्हणाले, ‘मले वाटलं होतं इथं येऊन मोकळा होऊन जाईन, बेटा.’ मी सोळा वर्षांची होते. मी गच्चीवर गेले आणि गौरीशी कॅरम खेळत बसले. ती खाली काय चाललंय ते विचारत नव्हती आणि मी सांगत नव्हते.

ठाण्यात काय झालं ते आईने नंतर सांगितलं. टेबलावरच्या माणसाने विचारलं, मुलीचे घरचे कुठे आहेत, तुम्ही तिचे कोण? बाबा म्हणाले, ‘मी तिचा कोणीच नाही. मले माहीत आहे, म्हणून आलो.’ मग त्यांना एका बाई अधिकाऱ्याकडे नेलं. बाई तरुण होती. तिने सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. बाबांनी खाली पूर्ण नाव लिहून सही केली, असं आई म्हणायची. परत आले तेव्हा दिगंबरकाका अजून तिथेच होते. ‘माह्या पोरीचं नाव ठाण्यात घेतलं तू?’ ‘घेतलं.’ ‘माह्या बहिणीचं घर मोडलं.’ ‘मोडलं असन.’ काका उठले, पडवीत अडखळले, बाबांनी धरायला हात पुढे केला तो त्यांनी झटकला. मग कितीतरी वर्षं ते आमच्या दारात आले नाहीत. गौरीला तिची आई येऊन घेऊन गेली. रसाचं पातेलं तसंच होतं. आम्ही तिघांनी त्या रात्री नुसता भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारात आली. फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस, हातात कापडी पिशवी. मला वाटलं ब्लाऊज शिवायला टाकायचं असेल, आमच्या शेजारी शिवणारी बाई राहायची आणि लोक नेहमी दार चुकायचे. ती ठाण्यातली अधिकारी होती. गणवेशात नव्हती, कारण लेकराकडे गणवेशात जायचं नसतं. ती आधी दिगंबरकाकांकडे जाऊन आली होती. तिथे तिने गौरीला विचारलं होतं, तुला कुठे बसून बोलायला आवडेल? घरी, शाळेत, कुठेही, तू म्हणशील तिथे. त्या सगळ्या प्रकारात गौरीला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. गौरी म्हणाली, काकाजींच्या घरी.

सुनंदाकाकू, तिची आई, तिला घेऊन आली. चार घरांचं अंतर. बातमी गल्लीत फुटली होतीच. प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं होतं. काकू शांत बाई, लग्नाकार्यातही भिंतीला टेकून बसणारी. त्या सकाळी ती पोरीचा हात धरून गल्लीच्या मधोमध चालत आली, डोक्यावरचा पदरही न सावरता. नवऱ्याने अडवलं असेल की नाही, मला माहीत नाही. कालपासून माझ्या आसपासची साधी माणसं एकामागून एक अशी काही वागत होती की मी नुसती बघत होते.

बैठकीच्या खोलीत गौरी, सुनंदाकाकू आणि ती बाई बसल्या. दार लोटून घेतलं. जिथे आजवर मोठ्या माणसांनी लेकराबाळांच्या आयुष्याचे निकाल लावले, तिथे आज एक लेकरू बोलत होतं आणि मोठी माणसं ऐकत होती. तिचं बोलणं कानावर पडू नये म्हणून आई मला घेऊन गच्चीवर गेली. बाबा गल्लीत जाऊन बसले, कडुनिंबाखाली, दुपट्टा डोक्याला गुंडाळून. ज्या माणसाने सगळ्या समाजाचं ऐकून घेतलं तो हे ऐकायला नको म्हणून उन्हात बसला होता. वरून मला दिसत होते. शेजारचे दोघे-तिघे त्यांच्याजवळून गेले, कोणी रामराम घातला नाही.

केस झाली, लांबली, गौरीला कोर्टात जावं लागलं, जावयाला सजा झाली. बाबांच्या दलालीचे काही व्यापारी तुटले, काही टिकले. आमच्याकडे त्यानंतर बैठक बसली नाही. कोणी आलं नाही आणि बाबांनीही कोणाला बोलावलं नाही. बाबा आता नाहीत. त्या सगळ्याबद्दल ते कधी मोठेपणाने बोलले नाहीत, विचारलं तर म्हणायचे, माहीत झालं होतं ना बाप्पा, मग काय करू.

त्या सकाळी मात्र, लिहून झाल्यावर आई आणि मी खाली आलो, बाई आत आईशी बोलत बसली, तेव्हा गौरी दार उघडून बाहेर आली आणि बाबांजवळ निंबाखाली जाऊन बसली. मी पायरीवर होते. मग तिने विचारलं, ‘काकाजी, मी तर तुम्हाले काही सांगितलंच नव्हतं. मग मी खरं बोलतो, हे तुम्ही कसं मानलं?’

बाबांनी दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. ‘तू आईले सांगितलं. आईनं तुह्या बाबाले सांगितलं. बाबानं मले सांगितलं. तुले खोटं कोणीच म्हणालं नाही, पोरी. सगळ्यांनी मानलं होतं.’

‘बाबानं पण?’

‘त्यानं पण,’ बाबा म्हणाले. ‘माह्यासमोर रडला तो.’

गौरीने मान खाली घातली. ‘मग ठाण्यात तोच काहून नाही गेला?’ तिने विचारलं, आणि आयुष्यभर सगळ्यांना उत्तरं देत आलेले माझे बाबा तिच्याशेजारी हात जोडून बसून राहिले.